द गॉल यांनी नेमके काय बदलले : जगातील आघाड्या की स्वतःचा देश?

उंबरठा

७ मार्च १९६६ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना स्वहस्ते एक पत्र लिहिले. फ्रेंच भूमीवर परकीय सैन्याचा कायमचा मुक्काम आहे आणि आमचे आकाशही ते वापरते, त्यामुळे आमच्या सार्वभौमत्वाला बाधा पोचते, ती आता आम्ही दूर करणार आहोत, असा त्याचा आशय होता. फ्रान्स नाटो या पाश्चात्त्य देशांच्या आघाडीच्या एकत्रित लष्करी कमांडमधून बाहेर पडणार होता, पण मूळ करारात राहणार होता. १ एप्रिल १९६७ पर्यंत अमेरिकी सैन्य आणि नाटोची मुख्यालये फ्रान्समधून हलवावीत, अशी मुदतही पुढे देण्यात आली.

गेले काही महिने मी या गृहस्थांच्या कारकिर्दीविषयी वाचतो आहे आणि वाचता वाचता माझे एक मत बनले आहे, ते तपासून घ्यावे म्हणून हा धागा. जगाच्या पटावर त्यांनी मांडलेले बहुतेक डाव पुढे मोडले गेले. युरोपच्या सामायिक बाजारपेठेचे दार त्यांनी ब्रिटनला १९६३ आणि १९६७ असे दोनदा बंद केले, तरी १९७३ मध्ये ब्रिटन आत आलाच. नाटोच्या कमांडमधून फ्रान्स बाहेर पडला, तो २००९ मध्ये निकोला सार्कोझी यांच्या काळात परत गेला. याउलट १९५८ मध्ये त्यांनी घरात राज्यघटनेची जी चौकट बसवली, तिच्यातच फ्रान्स आजही राहतो आहे. तेव्हा प्रस्थापित मांडणी उधळून लावणाऱ्या नेत्याचा खरा ठसा परराष्ट्र धोरणावर उमटतो की देशांतर्गत राजकारणावर? माझे उत्तर देशांतर्गत राजकारणावर, असे आहे. जाणकारांनी खोडून काढावे.

सप्तपर्णी

विषय उत्तम आहे. मी चहा ठेवून आले आहे. लिहिणाऱ्यांनी हात आखडता घेऊ नये.

जुना नकाशा

उंबरठा यांच्या निष्कर्षाशी मी निम्मा सहमत आहे. तो निम्मा भाग आधी लिहितो.

चौथ्या प्रजासत्ताकात, म्हणजे १९४६ ते १९५८ या बारा वर्षांत, फ्रान्समध्ये वीसहून अधिक मंत्रिमंडळे येऊन गेली. पंतप्रधानाने कार्यालयातील खुर्ची नीट सरकवून घ्यावी तोवर संसदेत त्याच्याविरुद्ध बेरीज सुरू झालेली असे. अशा वेळी फ्रेंच ताब्यातील अल्जेरियाचे स्वातंत्र्ययुद्ध गळ्याशी आले. १३ मे १९५८ रोजी अल्जिअर्समध्ये फ्रेंच वसाहतवाल्यांनी सरकारी कचेरीवर चाल केली, लष्कराचे सेनानी त्यांना सामील झाले, आणि पॅरिसमधील राजकारण्यांना कोलोंबे या खेड्यात सत्तेपासून बारा वर्षे बाजूला बसलेल्या जनरल द गॉल यांची आठवण झाली. १ जून रोजी संसदेने ३२९ विरुद्ध २२४ मतांनी त्यांच्या हाती सरकार दिले. म्हणजे प्रक्रिया संसदीय होती, परंतु दाराबाहेर बंडखोर सेनानी उभे होते, हे विसरता येत नाही.

सप्टेंबरमध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत झाले आणि सुमारे ८० टक्के मतदारांनी होकार दिला. खरी उलथापालथ मात्र १९६२ मध्ये झाली. राष्ट्राध्यक्षाची निवड तोवर सुमारे ८० हजार लोकप्रतिनिधींच्या मतदारमंडळाकडे होती. ती थेट जनतेकडे द्यावी असे द गॉल यांनी ठरवले आणि घटनादुरुस्तीचा संसदेतून जाणारा नेहमीचा रस्ता सोडून सरळ सार्वमत पुकारले. संसदेने चिडून पंतप्रधान पोंपिदू यांच्या सरकारवर अविश्वास ठराव मंजूर केला. द गॉल यांनी संसदच बरखास्त केली, २८ ऑक्टोबरला सार्वमत जवळजवळ ६२ टक्क्यांनी जिंकले आणि पाठोपाठ निवडणूकही जिंकली. आपल्याकडे भाकरी फिरवावी लागते असे म्हणतात. या गृहस्थांनी तवाच बदलला.

असहमतीचा निम्मा भाग रात्री लिहितो.

तिरकस

मला या सगळ्या प्रकरणात लग्नात रुसलेला व्याही दिसतो. मानपानावरून मांडव सोडायचा, गावभर बोभाटा करायचा आणि मागच्या दाराने पंक्तीला किती वाजता बसायचे ते विचारून ठेवायचे. १९६६ मध्ये कमांड सोडली आणि १९६७ मध्ये फ्रेंच सेनाप्रमुख आयेरे आणि नाटोचे सरसेनापती लेम्निट्झर यांनी, युद्ध झाल्यास फ्रेंच सैन्य नाटोबरोबर कसे लढेल, याचा समझोता गुपचूप करून टाकला. पश्चिम जर्मनीतील फ्रेंच तुकड्याही तिथेच राहिल्या. सोव्हिएत रणगाडे आणि पॅरिस यांच्यामध्ये अमेरिकी सैन्य उभे होते, ते तसेच उभे राहिले. दुसऱ्याच्या छत्रीखाली उभे राहून ‘मला छत्री नको’ असे सांगायला फार मोठे धैर्य लागत नाही.

सीनकाठी

तिरकस यांची उपमा झकास आहे, पण मांडव खरोखरच उठवावा लागला होता, एवढे प्रत्यक्ष पाहून सांगते.

मी पॅरिसमध्ये दोन वर्षे ज्या विद्यापीठात शिकले, त्या दोफीन विद्यापीठाची मुख्य इमारत हे नाटोचे जुने मुख्यालय आहे. बुलोन्यच्या रानाच्या कडेला ती उभी आहे आणि आकाशातून पाहिल्यास रोमन लिपीतील ‘ए’ या अक्षरासारखी दिसते. लांबच लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना एकसारख्या खोल्यांची दारे. पहिल्या आठवड्यात मी रोज वर्ग चुकत असे आणि एका वर्गमित्राने मला समजावले की ही वास्तू विद्यार्थ्यांसाठी बांधलेलीच नाही, शिष्टमंडळांसाठी बांधलेली आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आघाडीने हौसेने बांधून घेतलेले हे घर तिला दहा वर्षेही लाभले नाही. ती ब्रसेल्सला गेली आणि १९६८ नंतर येथे अर्थशास्त्राचे वर्ग भरू लागले. लष्करी मुख्यालय पॅरिसजवळच्या रोकांकूरहून बेल्जियममधील मोंस शहराशेजारी, कास्तो येथे गेले.

हे झाले मुख्यालयांचे. शातोरू, लाँ, एव्रो, तूल अशा गावांजवळ अमेरिकी विमानतळ किंवा तळ होते. शातोरूच्या एका वृद्ध घरमालकिणीकडे मी एकदा सुट्टीत राहिले होते. त्या सांगत की तळ उठला तेव्हा त्यांच्या वडिलांनी, जे तळावर सुतारकाम करत, घरी येऊन हत्यारांची पेटी माळ्यावर ठेवली आणि तीन महिने ती खाली काढली नाही. त्या घरात द गॉल यांचे नाव आदराने घेतले जाई, पण आवाज जरा खाली जाई.

मांडवी

धाग्याच्या विषयाला धरूनच एक छोटा फाटा काढतो. उत्तर अटलांटिक कराराचे सहावे कलम ही आघाडी कोणत्या भूभागाच्या रक्षणास बांधील आहे ते सांगते, आणि १९४९ च्या मूळ मसुद्यात ‘फ्रान्सचे अल्जेरियातील विभाग’ असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे अल्जेरिया हा नाटोच्या संरक्षित प्रदेशाचा भाग होता. पोर्तुगालही संस्थापक सदस्य होता, परंतु गोवा युरोप-उत्तर अमेरिकेबाहेर आणि कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे त्या कलमात बसत नव्हता. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांना आघाडीचे सैन्य मदतीला मिळाले नाही, त्यामागे इतर कारणे होतीच, पण कराराची भाषाही त्यांच्या बाजूने नव्हती. आमच्याकडे जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘नाटो येणार’ ही तेव्हाची अफवा अजून निघते.

पुदुच्चेरीचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. तेथील हस्तांतराच्या करारावर १९५६ मध्ये सह्या झाल्या, पण फ्रेंच संसदेची मंजुरी अल्जेरियाचा प्रश्न सुटेपर्यंत अडकली आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी तो प्रदेश कायदेशीररीत्या भारताचा झाला. द गॉल यांचा आपल्याशी आलेला हा सरळ संबंध.

जुना नकाशा

मांडवी, फाटा उपयुक्त आहे; एकच भर घालतो. पुदुच्चेरीचा प्रत्यक्ष ताबा १ नोव्हेंबर १९५४ रोजीच, मेंदेस-फ्रान्स पंतप्रधान असताना, भारताकडे आला होता. आपण ज्या चौथ्या प्रजासत्ताकाला एवढी नावे ठेवतो, त्यानेच हे शहाणपण दाखवले होते.

आता असहमती. परराष्ट्र धोरणातील बदल पुढे उलटवला गेला की तो पुसला गेला, असे उंबरठा धरून चालले आहेत. मला हे माप चुकीचे वाटते. आघाडी म्हणजे अनेकांचा संसार. एकाने आदळआपट केली की तो काय करतो यापेक्षा बाकीचे घर कसे लावून घेतात, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. फ्रान्स उठून गेल्यावर उरलेल्या चौदा देशांनी लष्करी नियोजन आपल्या वेगळ्या समितीत नेले. त्याच सुमारास अण्वस्त्रांच्या नियोजनासाठी स्वतंत्र गट स्थापन झाला आणि त्यात पश्चिम जर्मनीला अमेरिकेच्या शेजारी बसून बोलण्याची जागा मिळाली. डिसेंबर १९६७ मध्ये बेल्जियमचे परराष्ट्रमंत्री आर्मेल यांच्या अहवालाने, संरक्षण आणि सोव्हिएत गटाशी संवाद ही आघाडीची दोन्ही कामे आहेत, असे अधिकृतपणे ठरवून दिले. द गॉल जून १९६६ मध्ये मॉस्कोला जाऊन एकट्याने जे करू पाहत होते, ते आघाडीने स्वतःच्या कामाच्या यादीत घालून घेतले. यातले काहीही २००९ मध्ये उलटले नाही.

अर्धविराम

नकाशाकाकांचे माप युरोपीय बाजारपेठेला लावून पाहतो.

१४ जानेवारी १९६३ च्या पत्रकार परिषदेत द गॉल यांनी ब्रिटनला नकार दिला आणि २२ जानेवारीला पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांच्याशी एलिझे करार केला. अमेरिकेपासून जर्मनीला थोडे सोडवून आपल्या बाजूला घ्यावे हा हेतू होता. पण त्याच वर्षी मे महिन्यात जर्मन संसदेने त्या कराराला अशी प्रस्तावना जोडली की, हा करार नाटोला, अमेरिकेशी असलेल्या मैत्रीला आणि ब्रिटनच्या प्रवेशाच्या उद्दिष्टाला बाधा आणत नाही. नवरदेवाने घोड्यावर बसावे आणि वधूपक्षाने पत्रिकेवर ‘आमची इतर नाती पूर्ववत राहतील’ असे छापावे, तसे झाले. करार हे तरुणी आणि गुलाबांसारखे असतात, टिकतात तोवर टिकतात, असे उद्गार द गॉल यांनी त्यावर काढले. गंमत म्हणजे तो करार त्यांच्या पश्चात फ्रान्स आणि जर्मनीच्या नित्य बैठकांचा पाया झाला.

दुसरा प्रसंग ‘रिकाम्या खुर्ची’चा. सामायिक शेतीधोरणाच्या पैशाची व्यवस्था आणि त्याबरोबर ब्रसेल्समधील युरोपीय आयोगाला द्यावयाचे वाढीव अधिकार, यांवरून १ जुलै १९६५ च्या पहाटे वाटाघाटी फिसकटल्या आणि फ्रान्सने मंत्र्यांच्या बैठकांना येणेच थांबवले. १ जानेवारी १९६६ पासून अनेक विषयांत बहुमताने निर्णय होणार होते, हे त्यांचे खरे दुखणे होते. जानेवारीअखेर लक्झेंबर्गमध्ये तोड निघाली: एखाद्या देशाचे अत्यंत महत्त्वाचे हित गुंतले असेल तर एकमत होईपर्यंत चर्चा करावी, आणि एकमत न झाल्यास काय करावे याबाबत मतभेद आहेत, अशी नोंद करावी. मतभेदांचीच नोंद करून मिटलेले असे भांडण मी दुसरे पाहिलेले नाही. पण त्या नोंदीच्या आडून पुढे जवळजवळ वीस वर्षे युरोपात एकेका देशाचा नकार चालत राहिला.

या रुसव्याची किंमत घरात वसूल झाली, हे मला सर्वांत बोलके वाटते. फ्रेंच शेतकऱ्यांना सामायिक बाजारपेठ हवी होती. त्यांच्या मोठ्या संघटनेने डिसेंबर १९६५ च्या निवडणुकीत द गॉल यांना मत देऊ नका असे सांगितले. पहिल्या फेरीत त्यांना ४५ टक्क्यांच्या आतच मते मिळाली आणि डाव्यांचे उमेदवार मितेराँ यांच्याशी दुसरी फेरी लढावी लागली, जी त्यांनी सुमारे ५५ टक्के मतांनी जिंकली.

तिरकस

म्हणजे कांद्याने सरकारला घाम फुटतो तो फक्त आपल्याकडेच नाही, हे वाचून बरे वाटले.

रणगाडा

तिरकस यांच्या छत्रीच्या दाखल्याला एका निवृत्त सैनिकाचे उत्तर.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाचा पेच उद्भवला तेव्हा केनेडी यांचे दूत डीन अॅचेसन तेथील सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रे घेऊन पॅरिसला गेले. अमेरिकेच्या अध्यक्षाचा शब्द आपल्याला पुरेसा आहे, असे सांगून द गॉल यांनी छायाचित्रे पाहण्याआधीच पाठिंबा दिला. तेव्हा हा मनुष्य संकटात पाठ दाखवणारा नव्हता. त्यांचा प्रश्न निराळा होता: पॅरिस वाचवण्यासाठी अमेरिका न्यूयॉर्कचा बळी देईल का? उत्तर होकारार्थी असेल याची खात्री नाही, म्हणून अण्वस्त्र आपले हवे आणि त्याचा खटका आपल्याच बोटाखाली हवा. १३ फेब्रुवारी १९६० रोजी सहाऱ्यात रेगान येथे पहिली चाचणी झाली, १९६४ पासून मिराज-४ बॉम्बफेकी विमाने तैनात झाली आणि १९६७ मध्ये पहिल्या क्षेपणास्त्रवाहू पाणबुडीचे जलावतरण झाले. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचे नाही, एवढेच त्यामागचे तत्त्व होते, आणि त्यासाठी लागणारी विहीर त्यांनी स्वखर्चाने खणली.

याचे फळ आपल्याही पदरात पडले. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर अमेरिका आणि जपान यांनी निर्बंध लादले, फ्रान्सने लादले नाहीत. आपण फ्रान्सकडून विमाने घेतो, त्यामागे हा देश तिसऱ्याला विचारून आपल्याशी वागत नाही, हा हिशेब असतोच.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. सैन्य हलवण्याची मागणी आली तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी, फ्रान्सच्या दफनभूमीत पुरलेले आमचे सैनिकही न्यायचे का, असे विचारले, असे सांगतात. या प्रश्नाला उत्तर नव्हते. माझा पक्ष द गॉल यांचा असूनही तो मला टोचतो.

सप्तपर्णी

इतका वेळ ऐकत होते; आता एक तक्रार.

धाग्यात अल्जेरिया येतो आणि दाराशी चप्पल काढून परत जातो. द गॉल यांनी ते युद्ध संपवले, मार्च १९६२ मध्ये एव्हियांचा समझोता केला, हे मोठे काम होते. एप्रिल १९६१ मध्ये चार सेनानींनी बंड केले तेव्हा ते जनरलचा गणवेश घालून दूरचित्रवाणीवर आले, आणि अल्जेरियातील छावण्यांत सक्तीच्या भरतीतील पोरे खिशातल्या ट्रान्झिस्टरवर ते भाषण ऐकून आपल्याच अधिकाऱ्यांचे हुकूम मानेनाशी झाली. हा प्रसंग मला फार आवडतो. परंतु त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये संचारबंदीविरुद्ध निघालेल्या अल्जेरियन लोकांच्या मोर्चावर पोलीसप्रमुख मोरिस पापों यांच्या हाताखालच्या पोलिसांनी जे केले, त्यात माणसे सीन नदीत फेकली गेली, आणि मृतांच्या आकड्याचा वाद अजून मिटलेला नाही. फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या हजारो आर्की सैनिकांना निःशस्त्र करून मागे सोडण्यात आले आणि त्यांची कत्तल झाली. दूरचित्रवाणी सरकारच्या मुठीत होती. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाचे आणीबाणीचे अधिकार बंड काही दिवसांत मोडल्यावरही सप्टेंबरअखेरपर्यंत चालू ठेवले गेले. आघाड्यांच्या पटावर सोंगट्या मोजताना हा हिशेब ‘देशांतर्गत’ या रकान्यात कोणी लिहिणार आहे की नाही?

रणगाडा

तक्रार रास्त आहे. आर्कींविषयी मला सैनिक म्हणून लाज वाटते.

नवखा

क्षमस्व, विषयांतर वाटेल, पण हे वाचताना डोनाल्ड ट्रम्प यांची आठवण कोणालाच आली नाही का?

अर्धविराम

आली, मुद्दाम लिहिले नव्हते. साम्य स्वभावात आहे, जागेत नाही. द गॉल हे चाळीतील भाडेकरू होते. त्यांनी आपले बिऱ्हाड हलवले तर चाळ उभी राहते. अमेरिका ही चाळीची मालक आहे, आणि मालकच जिना हलवू लागला की भाडेकरूंना आपापले टेकू शोधावे लागतात. २ एप्रिल २०२५ रोजी ट्रम्प यांनी मित्र आणि प्रतिस्पर्धी अशा जवळजवळ सगळ्यांवर आयातशुल्क जाहीर केले. भारतावरचे शुल्क त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर ५० टक्क्यांवर गेले. जर्मनीने मार्चमध्येच संरक्षणखर्चासाठी घटनेतील कर्जाची मर्यादा सैल केली होती आणि जूनमध्ये हेग येथे नाटो देशांनी २०३५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के खर्चाचे उद्दिष्ट स्वीकारले. कॅनडात तर वर्षाच्या सुरुवातीला हरणार असे वाटणारा सत्ताधारी पक्ष एप्रिलमध्ये निवडून आला आणि विरोधी पक्षनेता स्वतःच्या मतदारसंघात पडला. एका देशातील नेत्याने दुसऱ्या देशाचे देशांतर्गत राजकारण फिरवले, ते असे. द गॉल यांनी असा प्रयत्न जुलै १९६७ मध्ये माँट्रिऑलच्या गच्चीतून ‘स्वतंत्र क्युबेक चिरायू होवो’ अशी घोषणा देऊन केला होता आणि दौरा अर्धवट सोडून परतले होते.

संपादक

ट्रम्प यांच्यावर याआधीच चार धागे उघडे आहेत. कृपया येथे जनरलसाहेबांनाच बोलू द्यावे. तसेही ते दुसऱ्याला बोलू देत नसत.

उंबरठा

सर्वांचे आभार. नकाशाकाका आणि अर्धविराम यांनी माझे मत बरेचसे मोडले आहे. परराष्ट्र धोरणातील बदल मी फक्त फ्रान्सच्या वहीत शोधत होतो. तो ब्रसेल्सच्या, बॉनच्या आणि कास्तोच्या वहीत लिहिला गेला होता.

घरातील चौकटीविषयी मात्र मी अजून ठाम आहे, आणि त्याचा पुरावा द गॉल यांच्यापेक्षा मितेराँ देतात. १९५८ मध्ये त्यांनी द गॉल यांच्याविरुद्ध मत दिले, पुढे या राज्यपद्धतीवर झोंबणारी टीका केली, आणि १९८१ मध्ये तिच्याच नियमांनी निवडून येऊन तिच्यातील सगळे अधिकार वापरत चौदा वर्षे राज्य केले. कर्त्याचा पराभव झाला तेव्हाही चौकट हलली नाही. प्रदेशांची रचना आणि सिनेट यांविषयीच्या, तसे पाहता दुय्यम, प्रश्नावर द गॉल यांनी २७ एप्रिल १९६९ रोजी सार्वमत घेतले, हरलो तर जाईन असे आधीच सांगितले आणि ५२ टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडताच दुसऱ्या दिवशी दुपारी बारापासून पद सोडत असल्याचे दोन वाक्यांचे निवेदन काढले. मे १९६८ च्या विद्यार्थी-कामगारांच्या उठावातून वाचलेला, त्या जूनमध्ये प्रचंड बहुमत मिळवलेला मनुष्य दहा महिन्यांत असा घरी गेला. सप्तपर्णी यांनी मांडलेला रकाना मूळ प्रश्नात नव्हता, तो असायला हवा होता.

तिरकस

मीही थोडा माघार घेतो. २००९ मध्ये व्याही पंक्तीला परत बसले खरे, पण अण्वस्त्र नियोजन गटात फ्रान्स तेव्हाही गेला नाही. त्रेचाळीस वर्षांनी पाटावर बसून एक वाढप तेवढे हाताने अडवायचे, याला निव्वळ रुसवा म्हणता येणार नाही.

सीनकाठी

पुढच्या महिन्यात पॅरिसला जाणार आहे. दोफीनच्या त्या मार्गिकांची छायाचित्रे काढून येथे टाकीन. यावेळी वर्ग सापडला नाही तरी चालेल.